सबवूफरचा ॲम्प्लिफायर : मोठा नव्हे, जुळणारा

माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. त्यांतला सर्वांत खालचा, म्हणजे २० ते ८० हर्ट्‌झचा पट्टा वाजवणारा स्पीकर म्हणजे सबवूफर. कोळीगीताच्या रिमिक्समधला खोल ठोका, ढोलाचा दणका किंवा चित्रपटगीतातला इलेक्ट्रॉनिक बेस कानांइतकाच छातीत जाणवतो तो याच पट्ट्यामुळे. गाडीच्या दारातल्या सहा इंची स्पीकरला हा पट्टा झेपत नाही. सूर जितका खालचा, तितकी जास्त हवा हलवावी लागते. त्यासाठी मोठा कोन लागतो आणि त्या कोनाला लांबवर मागेपुढे ढकलणारी ताकद लागते. ही ताकद ॲम्प्लिफायर पुरवतो. म्हणून सबवूफर बसवायचा म्हटले की ॲम्प्लिफायरची निवड आलीच, आणि बहुतेक फसगत या निवडीतच होते.

मांडव्यापासून अलिबाग, रेवदंडा, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन ते हरिहरेश्वरपर्यंतच्या रायगड किनाऱ्यावर गाडीतल्या संगीताची हौस मोठी आहे. मिनीडोर आणि इकोपासून पर्यटकांना फिरवणाऱ्या मोठ्या गाड्यांपर्यंत ती दिसते. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा सुरू झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, तेव्हापासून मुंबईकरांच्या गाड्याही या रस्त्यांवर सहज येतात. इथल्या गाडीसाठी ॲम्प निवडताना मात्र दोन हिशेब करावे लागतात. पहिला विजेचा, तो जगात कुठेही सारखाच असतो. दुसरा खाऱ्या, दमट हवेचा. तो किनाऱ्यावर राहणाऱ्यालाच करावा लागतो.

वेगळा ॲम्प का लागतो

इंजिन चालू असताना गाडीच्या वायरिंगमध्ये सुमारे १४ व्होल्टचा दाब असतो. डॅशबोर्डवरचा स्टिरिओ याच दाबावर चालतो आणि त्याच्या आतला छोटा ॲम्प त्याहून जास्त दाब निर्माण करू शकत नाही. १४.४ व्होल्ट आणि ४ ओहमचा स्पीकर असा हिशेब मांडला, तर एका चॅनेलमधून स्वच्छ आवाजाची कमाल मर्यादा सुमारे २६ वॅट येते. प्रत्यक्षात २० वॅटच्या आसपासच मिळतात. स्टिरिओच्या खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ असे छापलेले असले, तरी भौतिकशास्त्राचे हे गणित बदलत नाही. दारातल्या स्पीकरना एवढे पुरते, सबवूफरला पुरत नाही.

बाहेरून बसवायच्या ॲम्पमध्ये एक स्वतंत्र पॉवर सप्लाय असतो. तो बॅटरीच्या १२ ते १४ व्होल्टचे रूपांतर कितीतरी जास्त दाबात करतो, आणि त्या जास्त दाबावरच शेकडो वॅट निघतात. ही वीज शून्यातून येत नाही. बाहेर पडणारा प्रत्येक वॅट बॅटरी आणि अल्टरनेटर यांच्याकडूनच घेतलेला असतो, आणि वाटेत उष्णतेच्या रूपाने काही वाया गेलेला असतो.

खोक्यावरचा आकडा आणि खरा आकडा

बाजारात मिळणाऱ्या ॲम्पवर ‘३००० वॅट’, ‘४८०० वॅट’ असे ठसठशीत आकडे असतात. टेपरेकॉर्डरच्या काळात घराघरांत पोचलेल्या ‘पीएमपीओ’ आकड्यांचीच ही पुढची पिढी. हा पीक, म्हणजे क्षणिक कमाल शक्तीचा आकडा असतो आणि तो कसा मोजायचा याला काही बंधन नसते. ग्राहकाने पाहायचा आकडा एकच : आरएमएस. न थांबता, न तापता, आवाज न फाटता ॲम्प किती वॅट देत राहू शकतो, हे तो सांगतो.

आरएमएसचा आकडाही तीन गोष्टींशिवाय अपुरा आहे : किती ओहमवर, किती व्होल्टवर आणि किती विरूपण असताना. ४ ओहमवर ३०० वॅट देणारा ॲम्प आणि १ ओहमवर ३०० वॅट देणारा ॲम्प हे सारखे नव्हेत. अमेरिकेतल्या ग्राहक-इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने २००३ मध्ये या मोजणीसाठी सीईए-२००६ हे मानक आणले. यातला २००६ हा मानकाचा क्रमांक आहे, वर्ष नव्हे; आता त्याला सीटीए-२००६ म्हणतात. या मानकानुसार शक्ती १४.४ व्होल्टवर, ४ ओहमच्या भारावर आणि जास्तीत जास्त १ टक्का विरूपणाच्या मर्यादेत मोजली जाते. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात या मानकाचा उल्लेख असेल, तर त्या आकड्यावर भरवसा ठेवता येतो.

उल्लेख नसेल तर दुसरी एक सोपी कसोटी आहे : ॲम्पवरचे फ्यूज. ज्या ॲम्पवर ३० अँपिअरचा एकच फ्यूज आहे, तो सतत फार तर ३० गुणिले १४, म्हणजे सुमारे ४२० वॅट वीज आत घेऊ शकतो. कार्यक्षमता ८० टक्के धरली तरी बाहेर सुमारे ३४० वॅटच निघतील. अशा ॲम्पवर ‘३००० वॅट’ लिहिलेले असेल, तर त्या आकड्याला अर्थ नाही. फ्यूज मोजायला दुकानात एक मिनिट पुरते.

सुरुवात सबवूफरपासून

ॲम्प आधी आणि सबवूफर नंतर, असा क्रम बहुतेकदा महागात पडतो. योग्य क्रम उलटा आहे. सबवूफरचे दोन आकडे आधी लिहून घ्यावेत : त्याची आरएमएस क्षमता आणि त्याचे ओहम. ॲम्पचा आरएमएस त्या ओहमवर सबवूफरच्या आरएमएसइतका किंवा थोडा जास्त असावा. ३०० वॅट आरएमएसच्या सबवूफरला ३०० ते ३५० वॅटचा ॲम्प शोभतो.

‘कमी वॅटचा ॲम्प घेतला की वूफर सुरक्षित’ हा समज सर्वत्र आहे आणि तो धोक्याचा आहे. कमी शक्ती स्वतःहून काही बिघडवत नाही. अडचण अशी की आवाज पुरेना म्हणून नॉब वाढत जातो, ॲम्प आपल्या मर्यादेला जाऊन धडकतो आणि ध्वनिलहरीचे गोलाकार माथे सपाट कापले जातात. याला क्लिपिंग म्हणतात. कापलेल्या लहरीत त्याच उंचीच्या स्वच्छ लहरीपेक्षा सरासरी शक्ती जास्त असते. ती कॉइलमध्ये उष्णता होऊन साठते. कॉइलवरचा लाखेचा थर जळतो, गाडीत जळका वास येतो आणि सबवूफर मुका होतो. थोडा जास्त ताकदीचा ॲम्प संयमाने चालवणे हे कमी ताकदीचा ॲम्प पिळून चालवण्यापेक्षा सबवूफरसाठी केव्हाही चांगले.

किती वॅट पुरे, याचेही उत्तर गणितात आहे. शक्ती दुप्पट केली तर आवाज ३ डेसिबलने वाढतो. हा फरक कानाला जाणवतो, पण फार मोठा वाटत नाही. आवाज दुप्पट मोठा वाटायला सुमारे १० डेसिबलची वाढ लागते, म्हणजे शक्ती दहापट करावी लागते. ३०० ऐवजी ४०० वॅटचा ॲम्प घेऊन पदरात जेमतेम सव्वा डेसिबल पडतो. याउलट सबवूफरची संवेदनशीलता ८५ ऐवजी ८८ डेसिबल असेल, तर शक्ती दुप्पट केल्याचा लाभ एकाही वॅटविना मिळतो. बंद गाडी स्वतःही मदत करते. ४० हर्ट्‌झच्या ध्वनिलहरीची लांबी साडेआठ मीटरच्या आसपास असते. गाडीची केबिन त्याहून बरीच लहान असल्याने खालचे सूर आत दाब निर्माण करतात आणि मोकळ्या जागेपेक्षा ठळक ऐकू येतात. लहान हॅचबॅकमध्ये २०० ते ३०० वॅट आरएमएस एवढ्यात बहुतेकांचे समाधान होते ते यामुळेच.

ओहमचे गणित

ओहम म्हणजे सबवूफरने विजेच्या प्रवाहाला केलेला अडथळा. अडथळा कमी तितका प्रवाह जास्त, आणि ॲम्पमधून निघणारी शक्तीही जास्त. प्रत्येक ॲम्पला एक खालची मर्यादा असते. २ ओहमपर्यंत टिकणाऱ्या ॲम्पला १ ओहमचा भार जोडला, तर तो तापून बंद पडतो किंवा जळतो.

सबवूफर दोन प्रकारचे असतात : एका कॉइलचे आणि दोन कॉइलचे. दुकानात त्यांना ‘सिंगल कॉइल’ आणि ‘डबल कॉइल’ म्हणतात. दोन कॉइलच्या सबवूफरमध्ये जोडणीनुसार ओहम बदलतात. ४-४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की २ ओहम होतात, एकामागोमाग जोडल्या की ८ ओहम. २-२ ओहमच्या कॉइल समांतर जोडल्या की १ ओहम, एकामागोमाग जोडल्या की ४ ओहम. ४-४ ओहमचे असे दोन सबवूफर लावले आणि सगळ्या कॉइल समांतर जोडल्या, तर एकूण भार १ ओहमवर येतो.

यावरून खरेदीचा एक नियम निघतो. ॲम्पच्या माहितीपत्रकात ४, २ आणि १ ओहमवरचे आरएमएस वेगवेगळे दिलेले असतात. सबवूफरची जोडणी आधी ठरवून त्या ओहमसमोरचा आकडाच पाहावा. समजा, एक ॲम्प १ ओहमवर ५०० वॅट देतो आणि सबवूफर ४ ओहमचा सिंगल कॉइल आहे. त्या सबवूफरला ५०० वॅट कधीच मिळणार नाहीत. १५०-२०० वॅटच्या आसपास काम थांबेल. दोष ॲम्पचा नसेल, जुळणीचा असेल.

मोनो की टू-चॅनेल, एबी की डी

सबवूफरसाठी मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनेलचा ॲम्प सर्वांत सोयीचा. खालचे सूर डावे-उजवे असे वेगळे ओळखू येत नाहीत, त्यामुळे दोन चॅनेलची गरज नसते. मोनो ॲम्प कमी ओहमवर टिकतील असे बनवलेले असतात आणि सबवूफरला लागणारे फिल्टर त्यांत आधीच असतात. टू-चॅनेल ॲम्पची दोन्ही चॅनेल एकत्र करून, म्हणजे ‘ब्रिज’ करूनही सबवूफर चालतो. मात्र ब्रिज केल्यावर बहुतेक ॲम्पची खालची मर्यादा ४ ओहम असते, हे विसरून चालत नाही. दारातले स्पीकर आणि सबवूफर दोन्ही एकाच डब्यातून चालवायचे असतील, तर फोर-चॅनेल ॲम्पची पुढची दोन चॅनेल दारांना आणि मागची दोन ब्रिज करून सबवूफरला देता येतात. फाइव्ह-चॅनेल ॲम्पमध्ये सबवूफरसाठी वेगळे मोठे चॅनेल असते.

ॲम्पचा ‘क्लास’ म्हणजे त्याच्या आतल्या मंडलाची पद्धत. क्लास एबी पूर्ण आवाजात घेतलेल्या विजेपैकी साधारण ५० ते ६० टक्के आवाजात उतरवतो, क्लास डी ८० टक्के किंवा त्याहून अधिक. ५०० वॅट आरएमएस बाहेर काढायला क्लास डी ॲम्प सुमारे ६२५ वॅट घेतो, म्हणजे १३.८ व्होल्टवर ४५ अँपिअर. तेवढ्याच शक्तीसाठी ५५ टक्के कार्यक्षमतेचा क्लास एबी ॲम्प ९०९ वॅट घेतो, म्हणजे ६६ अँपिअर. पहिल्यात सव्वाशे वॅटची उष्णता होते, दुसऱ्यात चारशेहून जास्त वॅटची. एप्रिल-मे महिन्यांत काशीदच्या किनाऱ्यावर उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत हा फरक ॲम्प चालू राहणार की तापून बंद पडणार हे ठरवतो. दारातल्या स्पीकरसाठी क्लास एबीला आजही मान आहे. सबवूफरच्या पट्ट्यात क्लास डी घ्यावा, हा निर्णय सोपा आहे.

बॅटरी आणि अल्टरनेटर

लहान पेट्रोल गाडीची बॅटरी बहुधा ३५ अँपिअर-तासांची असते. अल्टरनेटरची क्षमता त्याच्यावरच छापलेली असते. तिचा मोठा वाटा हेडलाइट, एसीचा पंखा, वायपर आणि इंजिनचा संगणक यांनाच लागतो. पावसाळ्यात रात्री वडखळहून अलिबागकडे निघालेल्या गाडीत हे सगळे एकाच वेळी चालू असते. उरलेल्या विजेतच ॲम्पला भागवावे लागते. इंजिन संथ चालू असताना, म्हणजे नेमक्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या वेळी, अल्टरनेटर पूर्ण क्षमतेने वीज देतही नाही. बेसच्या ठोक्याबरोबर हेडलाइट मंदावत असतील, तर वीज अपुरी पडत असल्याची ती खूण आहे.

दिलासा एवढाच की संगीत म्हणजे अखंड सूर नव्हे. ठोक्यांच्या मध्ये शांतता असते, त्यामुळे सरासरी प्रवाह कमाल प्रवाहाच्या बराच खाली राहतो. मूळ बॅटरी आणि मूळ अल्टरनेटरवर ३०० ते ५०० वॅट आरएमएसची क्लास डी यंत्रणा बहुतेक गाड्यांत निभावते. त्यापुढे जायचे तर आधी वीजपुरवठा वाढवावा, मग वॅट.

इंजिन बंद ठेवून वाजवण्याचा हिशेब वेगळा आहे. मांडवा जेट्टीवर बोटीची वाट पाहताना किंवा किनाऱ्यावर डिकी उघडून गाणी लावली आणि सरासरी १५ अँपिअर प्रवाह गेला, तर दोन तासांत ३० अँपिअर-तास संपतात आणि गाडी चालू होत नाही. बॅटरी १२.६ व्होल्टवर आल्याने ज्या ॲम्पचा पॉवर सप्लाय नियंत्रित नसतो, त्याची शक्तीही सुमारे एक चतुर्थांशाने घटते. विजेच्या गाड्यांत १२ व्होल्टची बॅटरी अनेकदा आणखी लहान असते आणि ती डीसी-डीसी कन्व्हर्टरवर चार्ज होते. तिथे लहान ॲम्प निवडावा आणि नारिंगी आवरणाच्या उच्च दाबाच्या केबलींना कुणीही हात लावू नये.

वायर, फ्यूज आणि जोड

चांगला ॲम्प वाईट वायरवर वाया जातो. बॅटरीपासून डिकीपर्यंत साधारण ५ मीटर वायर लागते. ४५ अँपिअर प्रवाहाला एवढ्या अंतरात ८ गेजच्या तांब्याच्या वायरमध्ये जवळपास अर्धा व्होल्ट गमवावा लागतो. ४ गेजच्या वायरमध्ये तो तोटा ०.२ व्होल्टच्या आत राहतो. गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड. ३०० वॅट आरएमएसपर्यंत ८ गेज चालते, त्यापुढे ४ गेजच घ्यावी.

वायर कशाची आहे, हे जाडीइतकेच महत्त्वाचे आहे. स्वस्त वायरिंग किटमध्ये ‘सीसीए’ वायर असते : आत ॲल्युमिनियम, वर तांब्याचा पातळ मुलामा. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असते, त्यामुळे ४ गेजची सीसीए वायर ४ गेजच्या तांब्याचे काम करत नाही. पाकिटावर ‘ओएफसी’, म्हणजे ऑक्सिजनविरहित तांबे, असे लिहिलेले असावे. शंका असेल तर वायरचे टोक कापून चाकूने खरवडावे. आत चंदेरी रंग दिसला, तर त्या टोकावर बारीक ज्योत धरावी. ॲल्युमिनियम सहज वितळते, तांबे टिकते. कलई केलेले शुद्ध तांबेही वरून चंदेरी दिसते, म्हणून नुसत्या रंगावर निकाल देऊ नये.

बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत मुख्य फ्यूज असलाच पाहिजे. हा फ्यूज ॲम्पसाठी नसून वायरसाठी असतो. वायरचे आवरण कुठे घासले आणि ती बॉडीला टेकली, तर बॅटरी शेकडो अँपिअर सोडते आणि गाडी पेटते. फ्यूज वितळून तो मार्ग तोडतो. इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यातून वायर नेताना भोकात रबरी ग्रोमेट बसवावा. पॉवरची वायर गाडीच्या एका बाजूने आणि सिग्नलची आरसीए केबल दुसऱ्या बाजूने न्यावी. दोन्ही शेजारून गेल्या, तर इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी स्पीकरमधून ऐकू येऊ शकते. ग्राउंडची वायर पॉवरच्या वायरइतकीच जाड आणि शक्य तितकी आखूड हवी, आणि ती रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यावर घट्ट बसवायला हवी.

खाऱ्या हवेचा हिशेब

इथवरचे नियम पुण्यात आणि नागपुरातही हेच. समुद्राकाठी त्यांत भर पडते. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते आणि मिठाचे पाणी विजेचे चांगले वाहक आहे. दोन वेगवेगळे धातू एकमेकांना टेकून अशा पाण्यात राहिले की त्यांच्यात एक सूक्ष्म विद्युतघट तयार होतो आणि त्यांतला जास्त क्रियाशील धातू झिजत जातो. तांबे आणि ॲल्युमिनियम ही जोडी यात विशेष वाईट. सीसीए वायरच्या कापलेल्या टोकाला नेमकी हीच जोडी उघडी पडते. म्हणून किनाऱ्यावर सीसीए वायर केवळ कमी दर्जाची नव्हे, तर कमी आयुष्याचीही ठरते. बोटींच्या वायरिंगमध्ये कलई केलेले तांबे वापरतात, तेच किनाऱ्यावरच्या गाडीला सर्वोत्तम.

शुद्ध तांब्यालाही हवा लागू द्यायची नाही. वायरच्या टोकाचा प्रत्येक लग क्रिम्प करून, म्हणजे घट्ट दाबून, त्यावर आतून चिकट असलेली हीट-श्रिंक नळी चढवावी. नुसती काळी टेप उन्हाळ्यात सुटते आणि पावसाळ्यात तिच्या आत पाणी साठते. ग्राउंडसाठी खरवडलेला पत्रा बोल्ट घट्ट केल्यावर ग्रीस किंवा प्रायमरने झाकावा, नाहीतर त्याच जागी गंज धरतो. गंजलेल्या जोडाचा रोध वाढतो, तो जोड तापतो आणि बेस हळूहळू कमी होत जातो. मालकाला वाटते ॲम्प बिघडला. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, बॅटरीचे टर्मिनल, फ्यूजहोल्डर आणि ग्राउंड उघडून पाहावेत. हिरवट किंवा पांढरट थर दिसला तर साफ करून पुन्हा झाकावा.

ॲम्पची जागाही इथे वेगळ्या विचाराने ठरवावी लागते. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पुढच्या सीटखाली ॲम्प ठेवणे शहरात सोयीचे असले, तरी ओल्या चपला, भिजलेली मॅट आणि किनाऱ्यावरून आलेली वाळू सगळी तिथेच जमा होते. डिकीच्या तळाशी, स्टेपनीच्या खळग्याजवळही पाणी साचते. मागच्या सीटच्या पाठीवर किंवा डिकीच्या बाजूच्या भिंतीवर, तळापासून वर, फळीवर बसवलेला ॲम्प जास्त टिकतो. सबवूफरच्या खोक्यावर तो बसवू नये, कारण सततच्या थरथरीने आतली सोल्डरिंग सैल होते. भोवती चार-पाच सेंटिमीटर मोकळी जागा हवी. पंखा लावलेले ॲम्प बाहेरची हवा थेट सर्किटवर ओढतात आणि खाऱ्या हवेबरोबर मीठही आत नेतात. इथे ॲल्युमिनियमच्या पात्यांवर नैसर्गिक रीतीने थंड होणारा बंद बांधणीचा ॲम्प निवडावा. सर्किटवर संरक्षक लेप असलेले, बोटींसाठी बनवलेले मरीन ॲम्पही मिळतात. ते महाग असतात, पण जी गाडी रोज समुद्राला लागून उभी राहते तिला ते परवडतात.

जुलै २०२१ च्या महापुरात महाडमध्ये पाहिल्याप्रमाणे पाणी गाडीत शिरलेच, तर सर्वांत आधी बॅटरीचे टर्मिनल सोडवावे. ॲम्प उघडून गोड्या पाण्याने चिखल काढणे, पूर्ण वाळवणे आणि तपासणे झाल्याशिवाय त्याला पुन्हा वीज देऊ नये. भिजलेला ॲम्प ‘चालतो का बघू’ म्हणून सुरू करणे हाच त्याचा शेवट ठरतो.

कंपनीच्या स्टिरिओला जोडताना

आजच्या अनेक गाड्यांत डॅशबोर्डचा पडदाच स्टिरिओ असतो. तो बदलता येत नाही आणि त्याला आरसीए आउटपुट नसते. अशा वेळी हाय-लेव्हल इनपुट असलेला ॲम्प घ्यावा. तो मागच्या दारांच्या स्पीकरवायरमधूनच सिग्नल घेतो. स्टिरिओ चालू होताच आपोआप सुरू होणारे ॲम्पही मिळतात, त्यामुळे रिमोट वायरची शोधाशोध वाचते. ॲम्पमध्ये ही सोय नसेल, तर मध्ये लाइन आउट कन्व्हर्टर लावावा लागतो. मूळ वायर कापू नये. त्या मॉडेलसाठी मिळणारा कपलर वापरावा, म्हणजे वॉरंटीवरून वाद होत नाही आणि उद्या यंत्रणा काढायची झाली तर गाडी पूर्ववत होते. बाहेरून बसवलेली उपकरणे विम्यात आपोआप येत नाहीत. सर्वसमावेशक पॉलिसीत विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी आयएमटी २४ ही जोडनोंद असते. थोडा जास्त हप्ता भरून ॲम्प आणि सबवूफर तिच्यात नोंदवून घ्यावेत.

गेन, फिल्टर आणि खोके

ॲम्पवरचा ‘गेन’ हा आवाज वाढवण्याचा नॉब नव्हे. स्टिरिओकडून येणाऱ्या सिग्नलशी ॲम्प जुळवण्याची ती तजवीज आहे. जुळणी साध्या मल्टिमीटरने होते. आधी सबवूफर सोडवावा, बेस बूस्ट शून्यावर न्यावा, स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांशावर ठेवावा आणि ५० हर्ट्‌झचा स्वर लावावा. हवे ते वॅट आणि सबवूफरचे ओहम यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढले की व्होल्ट मिळतात. ३०० वॅट आणि २ ओहम असतील तर ६०० चे वर्गमूळ, म्हणजे साडेचोवीस व्होल्ट. ॲम्पच्या आउटपुटला मीटर एसी व्होल्टवर लावून तेवढा आकडा येईपर्यंत गेन हळूहळू वाढवावा आणि तिथेच सोडावा. बेस बूस्ट नंतरही शून्यावरच ठेवावा. १२ डेसिबलचा बूस्ट म्हणजे त्या सुरासाठी सोळापट शक्तीची मागणी, आणि ती कोणताही नेमका निवडलेला ॲम्प पुरी करू शकत नाही.

लो-पास फिल्टर ८० हर्ट्‌झच्या आसपास ठेवला, तर गायकाचा आवाज सबवूफरमध्ये शिरत नाही आणि बेस मागून येत असल्याचा भास होत नाही. खोके बंद, म्हणजे सील्ड असेल तर बेस आटोपशीर आणि नेमका लागतो. ढोलकी, तबला, लोकसंगीत ऐकणाऱ्याला ते रुचते. पोर्ट असलेल्या खोक्यातून तेवढ्याच वॅटमध्ये जास्त आवाज निघतो आणि रिमिक्सप्रेमींना तो भावतो. पण पोर्टच्या सुरापेक्षा खाली गेल्यावर कोनावरचा हवेचा धाक नाहीसा होतो आणि कोन बेफाम हलू लागतो. म्हणून पोर्टेड खोके असेल तर ते अतिखोल सूर अडवणारा सबसॉनिक फिल्टर असलेला ॲम्पच घ्यावा.

ज्यांना डिकी सामानासाठी मोकळी हवी आहे, त्यांच्यासाठी सीटखाली बसणारा आठ इंची ॲक्टिव्ह सबवूफर हा चांगला पर्याय आहे. ॲम्प त्याच्या आतच असल्याने ओहम आणि वॅट यांची जुळणी कारखान्यातच झालेली असते. त्याचा बेस खोल नसला तरी रोजच्या ऐकण्याला पुरतो. सीटखालच्या ओलीची काळजी मात्र त्यालाही घ्यावी लागते.

गाडीबाहेरचे कान

नागाव, चौल, दिवेआगर इथले रस्ते वाड्यांमधून आणि घरांच्या अंगणांना लागून जातात. खालचे सूर भिंती आणि काचा सहज ओलांडतात; गाडीत सुखद वाटणारा बेस घरातल्या झोपलेल्या माणसाला खिडकीच्या थरथरीसारखा जाणवतो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्या भोवतालचे १०० मीटर शांतता क्षेत्रात येऊ शकतात. रात्री वस्तीतून जाताना बेसचा रिमोट नॉब खाली आणता यावा, म्हणून तो सोबत येणारा ॲम्प निवडावा. बंद केबिनमध्ये चालकाच्या स्वतःच्या कानांनाही ८५ डेसिबलच्या वर तासन्‌तास बसणे झेपत नाही, आणि मागून येणाऱ्या एसटीचा हॉर्न ऐकू येणे ही तर सुरक्षिततेची गरज आहे.

एक नमुना हिशेब

समजा, अलिबागच्या एका हॅचबॅकमध्ये बारा इंची, ३०० वॅट आरएमएसचा, ४-४ ओहमच्या दोन कॉइलचा सबवूफर सील्ड खोक्यात बसवायचा आहे. कॉइल समांतर जोडल्या की भार २ ओहम होतो. म्हणजे २ ओहमवर ३०० ते ३५० वॅट आरएमएस देणारा क्लास डी मोनो ॲम्प हवा. ८० टक्के कार्यक्षमतेने ३०० वॅटसाठी सुमारे २७ अँपिअर लागतील. मूळ बॅटरी आणि अल्टरनेटर ते पेलतील. बॅटरीजवळ ४० अँपिअरचा फ्यूज, ८ गेजची आणि शक्यतो कलई केलेल्या तांब्याची वायर, मागच्या सीटच्या पाठीवर बसवलेला ॲम्प, साडेचोवीस व्होल्टवर लावलेला गेन आणि ८० हर्ट्‌झवर लावलेला लो-पास, एवढ्यात काम पूर्ण होते.

दुकानात जाताना ग्राहकाने पाच गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात : सबवूफरचा आरएमएस, जोडणीनंतरचे ओहम, त्या ओहमवर ॲम्पचा आरएमएस, ॲम्पवरच्या फ्यूजचे अँपिअर आणि वायरचा धातू. या पाचांची उत्तरे न देता जो विक्रेता केवळ खोक्यावरचा मोठा आकडा दाखवतो, त्याच्याकडून ॲम्प घेऊ नये. आणि किनाऱ्यावर राहणाऱ्याने बजेट आखताना ॲम्पमधले थोडे पैसे कमी करून ते तांबे, फ्यूज आणि पक्के जोड यांवर खर्च करावेत. खाऱ्या हवेत यंत्रणा आधी बंद पडते ती जोडांपाशीच.